टेराहर्ट्झचं ध्रुवीकरण, एक ट्रान्झिस्टर आणि कोकणातली दमट हवा

साध्या गॅलियम आर्सेनाइड ट्रान्झिस्टरने ३०० गिगाहर्ट्झची, म्हणजे ०.३ टेराहर्ट्झची, लहर आणि तिचं ध्रुवीकरण (विद्युतक्षेत्र कोणत्या दिशेत डोलतं) मोजता येतं. भौतिकशास्त्रज्ञ डायाकोनोव्ह आणि शूर यांनी १९९६ साली मांडलेली कल्पना अशी: ट्रान्झिस्टरच्या गेट (नियंत्रक टोक) आणि सोर्समध्ये आलेली लहर चॅनेलमधल्या (सोर्स ते ड्रेन या वाटेतल्या) इलेक्ट्रॉनांची घनता आणि त्यांचा वेग एकाच तालावर हलवते. दोहोंच्या गुणाकारातून डीसी (एकदिश) व्होल्टेज उरतो, तो मोकळ्या ठेवलेल्या ड्रेनवर मिळतो आणि लहरीच्या शक्तीच्या प्रमाणात असतो. चिपवर वेगळा अँटेना नसेल तर चिपला बोर्डाशी जोडणाऱ्या बाँडिंगच्या तारा आणि पॅड हेच अँटेना. म्हणूनच वारंवारता बदलली की पसंतीचा कोनही (ज्या ध्रुवीकरणाला सिग्नल सर्वांत जास्त मिळतो तो) सरकतो.

गेटचा व्होल्टेज ९ व्होल्टच्या बॅटरीवरून पोटेंशिओमीटरने द्या. मेनची ५० हर्ट्झची गुणगुण टळते आणि लाइट गेली तरी बायस (हा स्थिर व्होल्टेज) हलत नाही. सिग्नल थ्रेशोल्डच्या (चॅनेल जिथे बंद होऊ लागतो त्या गेट व्होल्टेजच्या) आसपास शिखरावर जातो. त्याखाली चॅनेलचा रोध मेगओहममध्ये जातो, मग लॉक-इन ॲम्प्लिफायरचा (ठरावीक तालातला सिग्नलच वेचणाऱ्या यंत्राचा) १० मेगओहम इनपुट आणि मीटरभर केबलची १०० पिकोफॅरड सिग्नल खाऊन टाकतात. अशा वेळी किरण ठरावीक तालात अडवणारा चॉपर १०० हर्ट्झच्या आसपास ठेवा, पण ५०च्या पटीत नको.

कोकणातली खरी गोम इथे आहे. पावसाळ्यात सिग्नल पडला की दोष हवेतल्या बाष्पाला दिला जातो. ५५७ गिगाहर्ट्झला ते बरोबर आहे, तिथे पाण्याची जबरदस्त शोषणरेषा आहे. ३०० गिगाहर्ट्झला मात्र टेबलावरच्या अर्ध्या मीटरमध्ये बाष्प जवळपास काहीच शोषत नाही. गळती बोर्डावर असते. खाऱ्या वाऱ्याचा थर आणि ओल मिळून गेट-ड्रेनमध्ये नको ती वाट तयार करतात. गेट थ्रेशोल्डच्या बरंच खाली नेऊन ड्रेन-सोर्स रोध पाहा. तो २० मेगओहमवरच अडकला तर बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवा, पण उघड्या बाँडतारांना ब्रश लावू नका. मग सिलिका जेल घातलेल्या डब्यात ठेवा. पॉलिथीनची खिडकी चालते.

आता ध्रुवीकरणाचा कोन. तारांच्या ग्रिडमधून तारांना लंब असलेलं विद्युतक्षेत्र पार होतं, समांतर अडतं. इथे हमखास उलटं धरलं जातं. दुसरी फसगत जास्त महागाची: स्रोत आधीच रेषीय ध्रुवीकृत (विद्युतक्षेत्र एकाच रेषेत डोलणारा) असतो. डिटेक्टरचा पसंतीचा कोन स्रोताशी जुळलेला असेल आणि मधला ग्रिड फिरवला, तर वक्र cos²चा (कोसाइनच्या वर्गाचा) नव्हे, कोसाइनच्या चौथ्या घाताचा येतो. चौथा घात न ओळखता वर्गाचा वक्र बसवला तर चांगला डिटेक्टरही संशयास्पद वाटतो. ग्रिडऐवजी ध्रुवीकरणाची दिशा वळवणारी अर्धतरंग पट्टी फिरवा, किंवा सरळ डिटेक्टरच.

प्रत्येक कोनात डिटेक्टर पुढेमागे अर्धा मिलिमीटर सरकवून सरासरी घ्या. तरंगलांबी १ मिलिमीटर आहे, हॉर्न (स्रोताचा कर्णा) आणि चिपमधल्या स्थिर लहरींची शिखरं अर्ध्या मिलिमीटरवर येतात.

वर्तुळाकार ध्रुवीकरणासाठी (विद्युतक्षेत्र गोल फिरतं) पाव-तरंग पट्टी लागते. स्फटिक क्वार्ट्झची असेल तर जाडी सुमारे ५.३ मिलिमीटर. सोर्सकडून आणि ड्रेनकडून शिरलेल्या लहरींचं व्यतिकरण होतं, त्यामुळे फिरण्याची दिशा उलटली की सिग्नलचा एक भाग चिन्ह बदलतो. पट्टीच्या ४५ आणि १३५ अंशांवरची वाचनं वजा करा, रेषीय भाग आपोआप उडतो. ४५ आणि २२५ मात्र जुळलेच पाहिजेत. जुळले नाहीत तर पट्टी किरणाला बाजूला ढकलते आहे, किंवा एसीच्या गारव्यातून बाहेर काढलेल्या क्वार्ट्झवर दव धरलं आहे.