सोलापुरात नेचे जगवताना: माझा अनुभव

महाबळेश्वरहून येताना मे महिन्यात नेच्याची, म्हणजे फर्नची, दोन रोपं आणली आणि हौसेनं दारात तुळशीशेजारी लावली. इथं पारा ४२ च्या वर. आठव्या दिवशी पान हातात घेतलं की चुरा व्हायचा.

पुढच्या वर्षी मृग लागल्या लागल्या लावले. पाऊस झाला, आता काय काळजी! पण आपल्याकडे मृगाच्या सरी येऊन गेल्या की वारं सुटतं, ते जुलैभर थांबत नाही. माती ओली असूनही पानं वाळत गेली. नेच्याला मुळाशी पाणी लागतं तसा हवेतही ओलावा लागतो, हे पाच रोपं गेल्यावर कळलं.

तिसऱ्या वर्षी घाई केली नाही. जून-जुलै नुसती जागा तयार केली. घराच्या मागं, उत्तरेच्या भिंतीलगत, जिथं दुपारचं ऊन येत नाही आणि कंपाउंडमुळे पश्चिमेचं वारंही अडतं. आपली काळी माती पावसात चिकट गोळा होते, उन्हात भेगाळते. नेच्याच्या तारेसारख्या बारीक मुळांना दोन्ही सोसत नाही. म्हणून फूटभर माती काढून टाकली. तळाशी विटांचे तुकडे, वर बदामाचा कुजलेला पाला, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), थोडी वाळू. हंसराज या नेच्याचा मोह आवरला, तो फार नाजूक. तलवारीसारख्या सरळ पानांचा साधा फर्न घेतला.

मघा नक्षत्रात, आभाळ भरलेलं बघून संध्याकाळी लावले. सोलापूरला सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात, त्यामुळे ऑक्टोबरच्या उन्हाआधी मुळं धरायला दीड महिना मिळतो. लावताना एकच जपायचं: जिथून कोंब फुटतात तो गड्डा मातीच्या वर राहिला पाहिजे. एक रोप मी खोल दाबलं, ते कुजलं.

बोअरच्या जड पाण्यानं मातीवर पांढरा थर धरला, पानांच्या कडा करपल्या. तेव्हापासून पत्र्यावरचं पावसाचं पाणी पिंपात साठवते.

दिवाळीच्या सुमारास पानांच्या पाठीवर तपकिरी ठिपके दिसले. मी निंबोळी तेलाचा पंप घेऊन निघाले, तर शेजारच्या अक्कांनी हात धरला. "अहो, कीड कधी अशी रांगेत बसते का?" खरंच, पानाच्या प्रत्येक छोट्या पाकळीवर (पर्णिकेवर) मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग, मोजून टाके घातल्यासारखी. ते बीजाणूंचे पुंजके होते. नेच्याला फूल नाही, बी नाही; त्याचा वंश त्या ठिपक्यांतून पुढं जातो. ते मी मारायला निघाले होते!

यंदाचा उन्हाळा हिरव्या जाळीखाली काढला. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी, भिंतीवर ओलं गोणपाट. बाहेरची पानं गेलीच. पण परवा वाळकी पानं कापताना गड्ड्यात नव्या पानांची पाच कोवळी वेटोळी दिसली, करंगळीच्या पेराएवढी, अंगावर तपकिरी लव असलेली.