नातीसोबत कावळ्यांची शिकार: पावसाळ्यापर्यंतची प्रगती

शिकार अर्थातच कॅमेऱ्याची. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात कावळा उंदीर-वटवाघळांबरोबर उपद्रवी, म्हणजे मारायला मुभा असलेल्या, प्राण्यांच्या यादीत होता. २०२२च्या दुरुस्तीत ती यादीच गेली. हे मला नातीने ऐकवलं, मी नुसतं ‘शिकारीला चल’ म्हटल्यावर.

यंदा घरटं स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरच्या आंब्यावर आहे, त्यामुळे लपण, म्हणजे दडून फोटो काढायचा आडोसा, लागलं नाही. आंब्यावर घरटं म्हणजे पाऊस बरा आणि बाभळीवर म्हणजे दुष्काळ, असं आमची आई सांगायची. बाहेरून काटक्या, त्यात विजेच्या वायरचे तुकडे आणि कपड्यांचा वाकवलेला हँगर, आत काथ्या. जोडी गावकावळ्याची, राखाडी मानेची. डोमकावळा एकदाच आला, दोघांनी मिळून हाकलला.

फोटोंबद्दल थोडं. मागे आभाळ असलं की कावळा नुसता काळा डाग दिसतो. एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात घेतलेला प्रकाश, एक-दीड स्टॉप (त्याचं माप) वाढवलं की मानेची राखाडी छटा सुटी होते. सावलीत फ्रेमभर कावळा आला तर उलट, थोडं कमी करायचं. सकाळच्या तिरप्या उन्हात पाठीवर जांभळट-निळी झाक येते. दुपारी कॅमेरा बाहेर काढूच नये.

खरी कमाई कोकिळेची. मे महिन्यात नर समोरच्या नारळावर येऊन कुहूकुहूचा धुमाकूळ घालायचा, कावळे चिडून मागे लागायचे. तेवढ्यात ठिपक्याठिपक्यांची तपकिरी मादी घरट्यात शिरून बाहेर! मी लेन्स फिरवेपर्यंत सगळं संपलं होतं. नातीने मात्र दुर्बिणीतून पाहिलं आणि वहीत लिहिलं, ‘मागच्या दाराने बाई आली.’ माझ्याकडे फोटो नाही, तिच्याकडे नोंद आहे; आमच्यात नोंदच वरचढ.

कोकिळेचं अंडं कावळ्याच्या अंड्यापेक्षा लहान आणि आधी फुटणारं, म्हणजे पिल्लू जेवणाच्या रांगेत पुढे. जूनमध्ये ते फांदीवर आलं.

“आजोबा, हे कावळ्याचं नाहीये. शेपूट बघा केवढी!”

पंखांवर पांढरट ठिपकेही होते. तोंडाचा आ करून, पंख थरथरवत ओरडत होतं आणि कावळीण बिचारी पोळीचा तुकडा त्याच्या घशात कोंबत होती. हा फोटो मात्र साधला, डोळ्यातल्या चमकेसकट.

झाडाखालून जायचं तर पिल्लं असेपर्यंत डोक्यावर टोपी हवीच. टोच जोरात बसते. सिएटलच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली मुखवटे घालून कावळे पकडले होते, आणि नंतर अनेक वर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे गोंगाट करायचे. आमचे गावकावळे तेवढे पक्के आहेत का, हे बघायला नात रोज वेगवेगळ्या टोप्या घालून खाली जाते. अजून तरी हल्ला फक्त माझ्यावर होतो.

आता नदीकाठच्या रातथाऱ्यावर, म्हणजे कावळे रात्री एकत्र मुक्कामाला येतात तिथे, संध्याकाळची मोजणी सुरू करायची आहे. उडत्या थव्याचे दहा-दहाचे गट करून मोजण्याचा सराव चाललाय. कुणी याहून सोपी रीत वापरत असेल तर सांगा.