पुश-पुल ॲम्प्लिफायरसाठी ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर निवडताना

३००बी या ट्रायोडची (तीन इलेक्ट्रोडच्या निर्वात नळीची, म्हणजे व्हॉल्व्हची) जोडी पुश-पुल पद्धतीने, म्हणजे दोघांना परस्परविरुद्ध फेजचा सिग्नल देऊन, चालवणारा ॲम्प्लिफायर बांधायला घेतला, तेव्हा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लवकर ठरला. खरा विचार करावा लागला तो आधीच्या ड्रायव्हर व्हॉल्व्हचा सिग्नल आउटपुट व्हॉल्व्हपर्यंत पोहोचवणाऱ्या ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मरचा. ड्रायव्हर आणि आउटपुट व्हॉल्व्ह यांच्यामध्ये कपॅसिटर घालणे सोपे असते, हे मान्य. परंतु सिग्नल वाढून ग्रिडमधून (व्हॉल्व्हमधला करंट नियंत्रित करणाऱ्या जाळीतून) क्षणभर करंट वाहू लागला की तो कपॅसिटर चार्ज होतो, बायस (ग्रिडवरचे स्थिर उणे व्होल्टेज) सरकतो आणि व्हॉल्व्ह पूर्वपदावर यायला वेळ लागतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा (सिग्नल बाहेर देणाऱ्या वेढ्यांचा) डीसी रोध त्या मानाने फारच कमी असल्यामुळे ही अडचण उद्भवत नाही. मला ट्रान्सफॉर्मरच हवा होता तो याच कारणासाठी.

प्रथम गरज मांडली. बायस उणे ७० व्होल्टच्या आसपास असेल, तर प्रत्येक ग्रिडला तेवढेच शिखरमूल्य लागते. म्हणजे ग्रिड ते ग्रिड १४० व्होल्ट, आरएमएसमध्ये (परिणामी मूल्यात) साधारण १०० व्होल्ट. हे १०० व्होल्ट २० हर्ट्झलाही मिळाले पाहिजेत, ही अट मी शेवटपर्यंत सोडली नाही. गाभ्यातील फ्लक्स व्होल्टेजच्या सम आणि वारंवारतेच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे माहितीपत्रकात ‘५० हर्ट्झला १०० व्होल्ट’ असे लिहिलेला ट्रान्सफॉर्मर २० हर्ट्झला केवळ ४० व्होल्टांपर्यंतच भरवशाचा असतो. या एका हिशोबाने दिसायला सुबक असे बरेच पर्याय बाद झाले.

त्यानंतरचा प्रश्न प्रायमरीच्या इंडक्टन्सचा. तो किती असावा हे ट्रान्सफॉर्मर पाहून सांगता येत नाही, कारण ते ड्रायव्हर व्हॉल्व्हच्या प्लेट रेझिस्टन्सवर (अंतर्गत रोधावर) अवलंबून असते. ६एसएन७ या दोन ट्रायोड असलेल्या व्हॉल्व्हच्या एका भागाचा प्लेट रेझिस्टन्स साडेसात किलोओहमच्या थोडा वर असतो, पुश-पुलमध्ये दोन भागांचा मिळून १५ किलोओहमच्या पुढे जातो. १० हर्ट्झला उतार तीन डेसिबलच्या आत ठेवायचा, तर २४० हेन्रींहून अधिक इंडक्टन्स लागेल. एवढे वेढे घातले की वेढ्यांमधील कपॅसिटन्स आणि लीकेज इंडक्टन्स (दोन्ही बाजूंच्या वेढ्यांना न जोडणाऱ्या फ्लक्समुळे येणारा) दोन्ही वाढतात आणि वरच्या पट्टीचे नुकसान होते. ५६८७ या दुसऱ्या जुळ्या ट्रायोडच्या प्रत्येक भागाचा प्लेट रेझिस्टन्स २५० व्होल्ट आणि १२ मिलिअँपिअरच्या सुमारास ३ किलोओहम असतो. दोघांचे मिळून ६, त्यामुळे ९५ हेन्री पुरतात. म्हणून ट्रान्सफॉर्मर मागवण्याआधी मी ड्रायव्हर व्हॉल्व्ह बदलला, आणि हा क्रमच मला योग्य वाटतो.

प्रायमरी आणि सेकंडरीच्या वेढ्यांचे गुणोत्तर एकास एक ठेवले. एकास दोनचा मोह होतो, परंतु त्यात सेकंडरीकडचा कपॅसिटन्स प्रायमरीला चौपट होऊन भासतो, आणि ५६८७चा गेन सोळाच्या घरात असल्यामुळे त्या वाढीची गरजही नव्हती. प्रायमरीच्या दोन्ही भागांतील डीसी परस्परविरुद्ध असल्याने गाभ्यात हवेची फट ठेवावी लागली नाही. मात्र दोन्ही बाजूंचा करंट कॅथोड रेझिस्टरवर मोजून समान करून घेणे अपरिहार्य होते.

आलेल्या ट्रान्सफॉर्मरची तपासणी मी सर्वांत काळजीपूर्वक केली. इंडक्टन्स साध्या एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स, कपॅसिटन्स आणि रोध मोजणाऱ्या) मोजला नाही, कारण त्याच्या अल्प व्होल्टेजला लोखंडाची पर्मिॲबिलिटी कमी दिसते. २० हर्ट्झचा पुरेसा मोठा सिग्नल देऊन करंट पाहिला. मग सेकंडरीचे दोन्ही अर्धे भाग ऑसिलोस्कोपच्या दोन चॅनेलना जोडून वारंवारता हळूहळू वाढवत नेली. १ किलोहर्ट्झला जवळजवळ प्रत्येक ट्रान्सफॉर्मर सममित दिसतो. खरी परीक्षा २० किलोहर्ट्झला होते. तेथे एक भाग लवकर उतरू लागला किंवा दोघांच्या फेजमध्ये अंतर पडले, तर पुश-पुलमध्ये सम हार्मोनिक एकमेकांना नीट रद्द करत नाहीत. माझ्या मते गुणोत्तरापेक्षा हीच कसोटी निर्णायक आहे. या ट्रान्सफॉर्मरमध्ये दोन्ही रेषा एकमेकींवर बसल्या.

१० किलोहर्ट्झच्या चौकोनी लहरीच्या कडेवर लहानसे कंपन दिसत होते. प्रत्येक अर्ध्या सेकंडरीवर रेझिस्टर लावून त्याचे मूल्य टप्प्याटप्प्याने कमी करत गेलो आणि कडा गोल न होता कंपन जेथे शमले, तेथे थांबलो. शेवटी मेन्सची गुणगुण कमीत कमी यावी म्हणून मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू ठेवून, एचटी (व्हॉल्व्हचा उच्च डीसी पुरवठा) न देता, ड्रायव्हर ट्रान्सफॉर्मर चॅसिसवर हाताने सावकाश फिरवला आणि सेकंडरीवर मिलिव्होल्टचा आकडा सर्वांत खाली आला त्या कोनात छिद्रांच्या खुणा केल्या.