गाठ मारलेली पिशवी

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका सोसायटीच्या खतखड्ड्यात फावडं घातलं आणि आंबूस, गटारासारखा वास आला. पिकलेल्या खताला वळवाच्या पहिल्या सरीनंतर मातीला येतो तसा वास असतो. तीन महिने झालेल्या खड्ड्यात असा आंबूस वास यायलाच नको होता.

ढिगात कंपोस्टेबल, म्हणजे कुजून खत होणाऱ्या, म्हणून आणलेल्या हिरव्या पिशव्या गाठीसकट निघाल्या. एक विळ्यानं फाडली. आत काळा लगदा, त्यात भाताची शितं अजून वेगळी दिसत होती, वर रश्श्याचा तवंग. गाठ मारली की आत हवा पोचत नाही, मग ओला कचरा नुसता आंबतो. म्हणून पिशवी खड्ड्यावर आणून फाडायची, कचरा मोकळा करायचा आणि पिशवीचे तुकडे करून त्यातच मिसळायचे. हे सोसायटीतल्या ४८ घरांना कुणीच सांगितलं नव्हतं. विकणाऱ्यानं 'कुठंही टाका, मातीत जाते' एवढंच सांगितलं. या पिशव्यांच्या धंद्यात सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं होतं.

कंपोस्टेबल प्लॅस्टिकसाठीच्या आयएस/आयएसओ १७०८८ या मानकात पिशवीची कसोटी ५८ अंश सेल्सिअसच्या आसपास घेतात. तेवढ्या उष्णतेत सहा महिन्यांत तिच्यातल्या ९० टक्के कार्बनचा कार्बन डायऑक्साइड व्हावा लागतो. आमच्या लांब दांड्याच्या थर्मामीटरनं ढिगाच्या पोटात ३६ दाखवले. खड्डा ३ फूट लांब, ३ रुंद, ३ खोल, तोही निम्माच भरलेला. वर झाकण नाही, आणि जुलैचा कोल्हापूरचा पाऊस. एवढ्याशा ओल्या ढिगात ऊब धरणार कुठून?

दुसरी गोष्ट चाळताना कळली. पिशव्या दोन प्रकारच्या होत्या, रंग मात्र एकच. एकीवर 'कंपोस्टेबल' आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रमाणपत्राचा क्रमांक होता, दुसरीवर नुसतं 'इको-फ्रेंडली'. तुकडे धुऊन, साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बोटानं दाबले. पहिलीचे बुडाले, दुसरीचे उसळून वर आले. साधं पॉलिथीन पाण्यापेक्षा हलकं, कंपोस्टेबल फिल्म जड. पॉलिथीनमध्ये खडूची भर जास्त घातली तर तेही बुडतं, म्हणून या चाचणीत तरंगलेलं तेवढं पकडायचं. बुडालेल्याला लगेच पास करायचं नाही.

उपाय साधे आहेत. एक बादली ओल्या कचऱ्याला दीड बादली बारीक केलेलं उसाचं पाचट किंवा लाकडाचा भुसा. आठवड्यातून एकदा तळापासून वरखाली. मुठीत दाबल्यावर एखाद-दुसरा थेंब निघाला तर ओल बरोबर, धार लागली तर आणखी पाचट. वर पत्रा. घरात रस्सा गाळून घ्यायचा, हाडं वेगळी ठेवायची, पिशवीच्या तळाला वर्तमानपत्राची घडी घालायची आणि दोन दिवसांच्या वर पिशवी डब्यात ठेवायची नाही, नाहीतर तळ मऊ पडून फाटतो. वर्षभराचा साठाही करू नये. दमट कपाटात पिशव्या वापरण्याआधीच चिरतात.

सेक्रेटरी म्हणाले, 'पिशव्याच बंद करा, नुसता कागद वापरू.' खताच्या दृष्टीनं त्यांचं बरोबर आहे, कागद कमी उष्णतेतही कुजतो. पण कचरा उचलणाऱ्या मावशी तिथंच उभ्या होत्या. पिशव्या आल्यापासून त्यांना चिकट, अळ्यांच्या बादल्या हातानं खरवडाव्या लागत नाहीत. बैठकीत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, मीसुद्धा खड्डा बघून झाल्यावर विचारलं.

सध्या दोन खड्डे वेगळे ठेवलेत. एकात फाडलेल्या, क्रमांकवाल्या पिशव्या, दुसऱ्यात फक्त कागद. दोन्हींत पाचट सारखंच, दोन्हींवर पत्रा. दिवाळीनंतर दोन्ही चाळायचे आहेत. मावशींना तोवर पिशव्या चालू राहतील एवढंच सांगितलंय, पुढचं अजून ठरलेलं नाही.