साध्या पिशवीतली सुई

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधीच्या तपासणीत एका गृहस्थांनी मी विचारायच्या आतच सांगून टाकलं, "डॉक्टर, मला हिपॅटायटिस बी आहे. जुनाच आहे, गोळी चालू आहे." त्यांच्या डोळ्याचं प्रेशर बघायला बसलेल्या ज्युनिअरने तेवढ्यात हात आवरता घेतला. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, अश्रूंतही असतो ना व्हायरस?"

असतो. अश्रूंमध्ये या विषाणूचा डीएनए सापडलेला आहे, आणि प्रेशर मोजणाऱ्या टॉनोमीटरचा प्रिझम थेट कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, टेकतो. म्हणूनच तो दर पेशंटनंतर निर्जंतुक करायचा असतो, कुणी आजार सांगितला म्हणून नव्हे. स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं, ही सवय काही जात नाही. खरं तर सौम्य ब्लीचमध्ये पाच-दहा मिनिटं बुडवून, पाण्याने नीट धुऊन कोरडा करायला हवा. धुवायचं राहिलं तर ब्लीचनेच कॉर्निया भाजतो. ज्युनिअरला तिथेच हे करायला लावलं. प्रेशर नॉर्मल निघालं.

ऑपरेशनच्या दिवशी या गृहस्थांचा नंबर सगळ्यात शेवटी लावला होता. सगळ्यांच्या हातात दुहेरी ग्लोव्हज, डोळ्यांवर चष्मे. सिस्टर एकेक हत्यार माझ्या हातात न देता ट्रेमध्ये ठेवत होत्या, मी ते तिथून उचलत होतो. सुया मोजून डब्यात गेल्या, कपडे वेगळ्या पिशवीत बांधून वर चिठ्ठी लावली. इतकी शिस्तशीर केस त्या ऑपरेशन थिएटरमध्ये क्वचितच झाली असेल.

मी नोट्स लिहीत होतो, तेवढ्यात धुण्याच्या खोलीतून मावशींची हाक आली. सकाळच्या केसेसचे कपडे उपसताना बोटात काहीतरी घुसलं होतं. पेशंटवर पांघरायच्या हिरव्या कापडाच्या, ड्रेपच्या घडीत सिस्टिटोम अडकला होता. सिस्टिटोम म्हणजे लेन्सचं आवरण फाडायला टोक वाकवून घेतलेली २६ नंबरची सुई. टोक इतकं बारीक, की हिरव्या कापडावर शोधूनही दिसेना. मावशी बोट पिळून रक्त काढत होत्या. ते आधी थांबवलं. पिळून काही साधत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली हात धरायला सांगितला.

"साहेब, त्या शेवटच्या पेशंटची आहे का?" त्यांनी विचारलं.

नव्हती. त्यांची पिशवी चिठ्ठीसकट कोपऱ्यात तशीच बांधलेली होती. मग कुणाची? सकाळच्या सगळ्यांचे कपडे एकाच पिशवीत, आणि त्यातल्या कुणाचीही हिपॅटायटिसची तपासणी झालेली नव्हती. मावशींना लसही नव्हती. त्या कंत्राटी, लस दिलेल्यांच्या यादीत डॉक्टर, सिस्टर, टेक्निशियन सगळे होते, आणि कपड्यांत हात घालणारं माणूस तेवढं नव्हतं. याचा मला आजही राग येतो. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकतो. लस नसलेल्याला बाधित सुई टोचली तर संसर्गाची शक्यता एचआयव्हीच्या कितीतरी पट असते. एचआयव्हीत ती सुमारे ०.३ टक्के, इथे विषाणू जोरात असेल तर ३० टक्क्यांच्याही वर जाते.

सकाळच्या पेशंटना परिस्थिती समजावून, त्यांच्या संमतीने रक्त घेतलं. संध्याकाळी एकाचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. धडधाकट माणूस, कधी कावीळ झाल्याचंही आठवत नव्हतं. त्यांना खोलीत बसवून सांगणं हे त्या दिवसातलं सर्वांत अवघड काम. त्यांचा पहिला प्रश्न बायकोबद्दल होता. घरातल्या सगळ्यांची तपासणी आणि ज्यांना गरज त्यांना लस, असं लिहून देऊन लिव्हरच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मावशींना नाव सांगितलं नाही, सांगायचंही नसतं.

इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे या विषाणूविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, आमच्याकडे ठेवलेलं नव्हतं. ते शक्यतो २४ तासांच्या आत द्यावं लागतं, म्हणजे वेळ होता, पण फोन करून करून जीव मेटाकुटीला आला. रात्री ते मिळालं. एका दंडात ते, दुसऱ्या दंडात लसीचा पहिला डोस. मावशींना काळजी नातवाची होती: एका ताटात जेवलं तर चालेल का? चालेल म्हटलं. जेवणातून, पाण्यातून हा पसरत नाही. नखं कापायचं ब्लेड मात्र वेगळं ठेवा.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढायला ते शेवटच्या नंबरचे गृहस्थ आले. त्यांच्या कानावर काहीतरी गेलं असावं. दृष्टी किती आली हे विचारायच्या आधी म्हणाले, "माझ्यामुळे कुणाला काही झालं नाही ना?" ज्युनिअर खाली मान घालून थेंबांची बाटली उघडत राहिला.

मावशींचे महिन्याचा आणि सहा महिन्यांचा असे पुढचे दोन्ही डोस झाले. लस लागू पडली का हे दाखवणारी टायटर, म्हणजे प्रतिपिंडांचं प्रमाण मोजणारी तपासणी, मात्र लगेच करून उपयोग नव्हता, कारण सुरुवातीला रक्तात दिसणारी प्रतिपिंडं इम्युनोग्लोब्युलिनची, म्हणजे उसनी. ती ओसरल्यावर तपासलं. किमान १० लागतं, त्यांचं शंभराच्या वर होतं आणि संसर्गाचा मागमूस नव्हता. आता कंत्राटी माणसांचीही लसीच्या यादीत नावं आहेत. सिस्टरने सुया मोजून सही केल्याशिवाय मावशी कपड्यांच्या पिशवीला हात लावत नाहीत. उशीर होतो म्हणून कुणी कुरकुर केली, तर त्याला ती पिशवी स्वतः उपसायला सांगतात.