बुडालेलं बूच

शिकागोहून कॅलिफोर्निया झेफिर ही रेल्वे पकडली की संध्याकाळी माउंट प्लेझंटला उतरता येतं. आयोवातलं हे गाव एरवी कुणी मुद्दाम थांबावं असं नाही. पण लेबर डेच्या, म्हणजे सप्टेंबरातल्या पहिल्या सोमवारी संपणारे पाच दिवस तिथे जुन्या शेतीयंत्रांचा मेळा, ‘मिडवेस्ट ओल्ड थ्रेशर्स रियुनियन’ भरतो, 1950 पासून. त्या दिवसांत हॉटेलात खोली मिळण्याची आशा सोडून द्यायची. जाणती मंडळी आपली फिरती घरं घेऊन येतात आणि मैदानालगत मुक्काम ठोकतात. परेड, नॅरोगेजची वाफेची गाडी, चकचकीत ट्रॅक्टरांच्या रांगा, सगळं पाहून झालं. परेडच्या निवेदकाचा मात्र राग आला. इथे माणूस इंजिनं ऐकायला येतो आणि हे महाशय प्रत्येक इंजिनावर आवाज चढवत होते.

खरा मुक्काम पडला तो एका क्लबच्या मांडवात. तिथे जॉन डियर कंपनीचा मॉडेल ए ट्रॅक्टर चालू होत नव्हता. रंग उडालेला, सीटच्या पत्र्याला गंज, आणि कार्ब्युरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं. हा ट्रॅक्टर 1934 ते 1952 या काळात बनला. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना स्टार्टर नाही, डाव्या अंगाचं उघडं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, हातानेच ओढायचं. ओढणाऱ्या बाई सत्तरीच्या पुढच्या. दोनदा ओढून त्या थांबल्या, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि म्हणाल्या, “बूच बुडालं असणार.”

कार्ब्युरेटरची वाटी उतरवली तर तसंच निघालं. अशा जुन्या कार्ब्युरेटरात फ्लोट, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा, बुचाचा, म्हणजे कॉर्कचा असतो आणि त्याने पेट्रोल पिऊ नये म्हणून वर शेलॅक, म्हणजे लाखेचं पॉलिश. लाख पेट्रोलला दाद देत नाही, पण अल्कोहोलमध्ये विरघळते. अमेरिकेतल्या हल्लीच्या बहुतेक पेट्रोलात सुमारे दहा टक्के इथेनॉल असतं. हंगामभर तेच भरलं की पॉलिश चिकट होतं, सुटतं, बूच जड होतं आणि खाली बसतं. मग पेट्रोल अडवणारा नीडल व्हॉल्व्ह बंदच होत नाही आणि पेट्रोल वाहत राहतं. लोक मात्र नीडल आणि तिची बैठक बदलत बसतात. बाईंनी फ्लोट हातावर घेतला, नखाने दाबला, नखाची खूण तशीच राहिली. तपासायची याहून सोपी रीत नाही.

असा फ्लोट वाचवता येतो. मंद उष्णतेवर पूर्ण सुकवायचा, जुनी लाख बारीक पॉलिश पेपरने काढायची आणि पातळ सुपरग्लूचे दोन-तीन थर द्यायचे, प्रत्येक थर वाळू देऊन. आत ओल राहिली तर थर फुगून सुटतो. क्लबच्या खोक्यात नवा कृत्रिम फोमचा फ्लोट होता, तो बसवला. वाटीचं गॅस्केट जागेवर ठेवून पट्टीने उंची मोजली आणि फ्लोटची पितळी पट्टी किंचित वाकवली. ही उंची चुकली तर नवा फ्लोटही तितकाच निरुपयोगी. शिवाय या क्लबात आता इथेनॉल नसलेलं पेट्रोलच आणतात आणि हिवाळ्याआधी टाकी, वाटी दोन्ही रिकाम्या करतात.

मग चालू करण्याचा सोपस्कार. गिअर न्यूट्रल. सिलिंडरमधली दाबलेली हवा सोडणारे कॉम्प्रेशन कॉक उघडे. साडेपाच इंच व्यासाचे दोन सिलिंडर बंद कॉकने हाताला ऐकणारे नव्हेत. (विहिरीवरच्या ऑइल इंजिनाचा डीकॉम्प्रेशन लिव्हर ज्याने कधी उचललाय, त्याला हे सांगायला नको.) थ्रॉटल थोडा पुढे, चोक बंद, रिमवर बोटं आडवी आणि अंगठा बोटांच्याच बाजूला. फ्लायव्हील हळू फिरलं की मॅग्नेटोतून, म्हणजे ठिणगीची वीज तयार करणाऱ्या यंत्रातून, ‘टक्’ ऐकू यायला हवं. ती इम्पल्स कपलिंगची स्प्रिंग. ती मॅग्नेटोला क्षणभर अडवते आणि झटक्याने सोडते, त्यामुळे ठिणगी जोरकस पडते आणि उशिरा पडते. आत ग्रीस घट्ट झालं की टक् येत नाही, ठिणगी लवकर पडते आणि फ्लायव्हील उलटं फिरून मनगटावर येतं. टक् आली नाही तर ओढायचंच नाही, हा तिथला नियम.

टक् आली. तिसऱ्या ओढीला कॉकमधून फुस्स झालं, पाठोपाठ इंजिन लागलं आणि बाईंनी कॉक एकेक करून बंद केले. क्रँकचे दोन फेरे 180 आणि 540 अंशांत वाटले जातात, म्हणून दोन ठोके लागोपाठ आणि मग लांब पोकळी. फट्-फट्, थांबणं, फट्-फट्. निवेदकाचा कर्णा तिथे पोचत नव्हता, हे फार बरं झालं.

काम इथे संपत नाही. इंजिन पेट्रोलवर चालू होतं, पण चालतं रॉकेलसारख्या स्वस्त इंधनावर. त्यासाठी रेडिएटरची झडप मिटून पाणी चांगलं तापू द्यावं लागतं. थंड इंजिनाला रॉकेल दिलं तर ते नीट पेटत नाही, पिस्टनच्या रिंगांवरून खाली उतरतं आणि ऑइल पातळ करतं. ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर खूश होऊ नये. बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर यायचं, नाहीतर पुढच्या वेळी वाटीत रॉकेल आणि आपण फ्लायव्हीलला लटकलेले. शिवाय याला पाण्याचा पंपच नाही, गरम पाणी वर चढतं त्यावरच सगळं फिरतं. रेडिएटरातली पातळी वरच्या नळीच्या तोंडाखाली गेली की फिरणंच बंद.

रांगेतले नवे रंग, नवे स्टिकर बघून माझ्या मनात एवढंच येतं की रंगाखाली काय आहे ते आता कुणाला दिसणार नाही. गंजलेला पण चालणारा ट्रॅक्टर मला जास्त पटतो.

शेजारी हिट-अँड-मिस, म्हणजे मधले स्फोट गाळत चालणाऱ्या जुन्या इंजिनांची रांग. वेग वाढला की वेग राखणारा गव्हर्नर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडाच धरून ठेवतो, मग आत ओढ उरत नाही आणि हलक्या स्प्रिंगचा इनलेट उघडत नाही. वेग उतरला की खिटी सुटते आणि एक धडाका. हॉपरमधलं, म्हणजे सिलिंडरभोवतीच्या उघड्या टाकीतलं पाणी उकळून वाफ येणं हा दोष नाही, पाणी घालत राहायचं. दोष येतो हिवाळ्यात. हॉपर रिकामं करायचा कॉक उघडला, थोडं पाणी गेलं, आतल्या गंजाने भोक बुजलं आणि उरलेल्या पाण्याचा बर्फ झाला. तो सुमारे 9 टक्के फुगतो आणि बिडाचं हॉपर तडकतं. कॉकमध्ये तार घालून बघायला अर्धा मिनिट लागतो.

वाफेच्या इंजिनांपाशी मात्र कुणी गंमत करत नाही. 29 जुलै 2001 रोजी ओहायोतल्या मेडिना इथे एका ट्रॅक्शन इंजिनाचा, म्हणजे वाफेवर स्वतः चालणाऱ्या इंजिनाचा बॉयलर फुटून पाच जण गेले. पाणी कमी झालं होतं आणि फायरबॉक्सचा छताचा पत्रा झिजून पातळ झाला होता. म्हणून पाण्याची पातळी दाखवणारी काच बघून समाधान मानत नाहीत, काचेच्या वाटा फुंकून मोकळ्या करतात आणि बॉयलरवरचे तपासणीचे ट्राय कॉक उघडून पाणी खरंच तिथे आहे का ते पाहतात.

दुपारी मळणी. त्यासाठी क्लब मुद्दाम ओट्स पेरतात, बाइंडरने कापून पेंढ्या बांधतात, कारण कम्बाइनमधून पेंढ्या मिळत नाहीत. पेंढी कणसांकडून, एकेक, सरळ आत गेली पाहिजे. आडवी पडली की मळणीयंत्राचा ड्रम गुदमरतो आणि इंजिनापासून आलेला लांब चपटा पट्टा पुलीवरून उडतो. पट्ट्याला मुद्दाम एक पीळ दिलेला असतो, त्याने दिशा जुळते आणि पुलीवरची पकडही वाढते. बघायचं तर वारा पाठीवर घेऊन उभं राहा, म्हणजे भुसा नाकातोंडात जात नाही. आणि पट्ट्याच्या रेषेत अजिबात उभं राहू नका, फोटो कितीही चांगला येत असला तरी.