ओकॅमलमध्ये फाइल बंद करणं पुढे ढकलताना

लॉग फायली वाचून गोषवारा लिहिणारा, ओकॅमल या प्रोग्रामिंग भाषेतला एक प्रोग्राम नीट करायला घेतला. फाइल उघडायची वर, ती बंद करणारं ‘क्लोज_इन’ चाळीस ओळी खाली. मध्ये एक्सेप्शन (चूक झाल्याने काम अर्धवट तोडून बाहेर पडणं) आलं की बंद करणं राहून जायचं. गो भाषेतला ‘डिफर’ एखादं काम फंक्शन संपेपर्यंत पुढे ढकलतो; तसा शब्द ओकॅमलमध्ये नाही. 4.08 आवृत्तीपासून ‘फन.प्रोटेक्ट’ आहे: आवराआवरीचं फंक्शन ‘~फायनली’ला द्यायचं, मूळ काम त्यापुढे. फाइल मात्र प्रोटेक्टच्या आधी उघडायची. आत उघडली तर फायनलीला चॅनल (उघडलेल्या फाइलचा दुवा) दिसतच नाही.

दोन-तीन फायली झाल्या की कंसात कंस अडकतात. उपाय एका ओळीचा: ‘लेट (लेट@) = (@@)’; ‘@@’ डावीकडच्या फंक्शनला उजवीकडचं देतो. मग ‘लेट@ आयसी = इन_चॅनल.विथ_ओपन_टेक्स्ट नाव इन’ लिहिलं (हे मॉड्यूल 4.14 पासूनचं) की त्याखालचं सगळं कॉलबॅक होतं, म्हणजे फाइल उघडणाऱ्या फंक्शनने आतून बोलवायचं फंक्शन. शेवटी उघडलेली फाइल आधी बंद होते, हेही बरंच.

फसगत या ‘त्याखालचं सगळं’मध्येच आहे. माझं फंक्शन एक फाइल वाचून पुढच्या फाइलसाठी स्वतःलाच बोलवायचं. दिसायला टेल कॉल (फंक्शनचं अगदी शेवटचं काम असलेला कॉल), पण तो कॉलबॅकच्या आत असल्याने आधीची एकही फाइल बंद होत नव्हती. ‘युलिमिट -एन’ (एका प्रोसेसला एकावेळी उघड्या ठेवता येणाऱ्या फायलींची मर्यादा) 1024 असेल तर तीन डिस्क्रिप्टर, म्हणजे उघड्या फायलींचे क्रमांक, आधीच गेलेले, म्हणजे फारतर 1021 फायलींनंतर ‘टू मेनी ओपन फाइल्स’. एका फाइलपुरतं छोटं फंक्शन काढलं, ‘लेट@’ त्यात कोंडलं आणि बाहेर यादीतल्या प्रत्येक फाइलवर ते चालवणारं ‘लिस्ट.इटर’ लावलं.

दुसरी चूक आळशी ‘सेक’ची, म्हणजे मागेल तेव्हाच पुढचा घटक देणाऱ्या क्रमाची. ओळींचा सेक परत दिला, पण तो मागितल्यावरच वाचतो आणि तोवर चॅनल मिटलेला. हाती ‘सिस_एरर’ हे एक्सेप्शन. टाइप चेकरला यात काहीच वावगं वाटत नाही. बेरीज आतच करून नुसता आकडा बाहेर दिला.

लिहिण्याच्या फाइलला जास्त जपावं लागतं. ‘क्लोज_आउट’ बफर (डिस्कवर जायच्या आधी मेमरीत साठलेला मजकूर) रिकामा करतो. डिस्क भरलेली असेल तर तिथेच एक्सेप्शन येतं. ते फायनलीतून आलं तर ‘फायनली_रेझ्ड’ बनतं आणि आधीचं खरं एक्सेप्शन त्याखाली गाडलं जातं. नुसतं चुका गिळणारं ‘क्लोज_आउट_नोएर’ ठेवलं तर अर्धवट फाइल गुपचूप राहते. म्हणून कामाच्या शेवटी ‘क्लोज_आउट’ आणि फायनलीत ‘नोएर’ असं दोन्ही ठेवलं. बंद चॅनल पुन्हा बंद केला तरी काही बिघडत नाही.

एवढं करूनही फायनलीत पुसायची तात्पुरती फाइल मागे उरत होती. आत खोल कुठेतरी ‘एक्झिट 1’ होतं. ते एक्सेप्शन नाही, फायनलीला वळसा घालून थेट प्रोसेस संपवतं. तिथे एक्सेप्शन टाकलं आणि ‘एक्झिट’ सगळ्यात बाहेर नेलं.